काकाओ, पाटा-वरवंटा आणि पहाटेचं बसणं

सेरेमोनियल काकाओ हे नाव आधी पुण्या-मुंबईच्या रिट्रीटवाल्यांच्या पोस्टमध्येच दिसायचं, आता आपल्या जळगावातल्या योगा क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही कुणी ना कुणी विचारतंच, ताई हे नक्की काय असतं, बोर्नव्हिटासारखं असतं का, नशा येते का, यात काही देवाधर्माचं आहे का. मी बऱ्याच काळापासून पितेय, पहाटे, नामाला बसायच्या आधी, आणि मला त्याचा मनापासून फायदा झालाय, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकीला वेगवेगळा व्हॉइस मेसेज पाठवायला नको.

नशा येत नाही. हे सगळ्यात आधी सांगते कारण हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. भास होत नाहीत, झिंग चढत नाही, गाडी चालवता येते, स्वयंपाक करता येतो, ऑफिसला जाता येतं.

काकाओ म्हणजे ज्या झाडापासून चॉकलेट होतं त्याच झाडाच्या बिया. फळ लागतं ते थेट खोडावर, फणसासारखं, आत पांढऱ्या आंबटगोड गराला लगडलेल्या बिया असतात. त्या गरासकट पाच-सहा दिवस आंबवतात, मग उन्हात वाळवतात, हलक्या भाजतात, टरफल काढतात आणि वाटतात. बस एवढंच. वाटलं की आतलं तूप सुटतं, त्याची दाट पेस्ट होते आणि थंड झाली की ब्लॉक. त्यातून काही काढलेलं नसतं आणि काही घातलेलंही नसतं. आपण बाजारातून जी कोको पावडर आणतो ती वेगळी, १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाउटेनने त्यातलं तूप दाबून काढायची पद्धत आणली, त्यानंतर पावडर स्वस्त झाली, आणि तिला अल्कली (सोड्यासारखा क्षार) लावून तिचा कडवटपणाही कमी करायला लागले. बीमध्ये जवळपास निम्मं तूप असतं, ते गेलं की उरतं ते बेकिंगला छान, पण सकाळी कपभर पिऊन जो जडसर, पोटाला धरून ठेवणारा परिणाम होतो तो त्यात येत नाही.

आणि हो, आंबवताना बियांवर झाकायला बऱ्याच ठिकाणी केळीची पानं वापरतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला, कारण माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या पानाचा तो ओला हिरवा वास मला झोपेतही ओळखता येईल. मग लगेच तिकडच्या भावाचा फोन, काय गं, आपल्या केळीत आंतरपीक म्हणून हे होईल का. नाही होणार दादा. काकाओला सावली लागते, दमट हवा लागते, विषुववृत्ताच्या वर-खाली साधारण वीस अंशांच्या पट्ट्यातलं ते झाड आहे. आपण त्या पट्ट्याच्या किंचित वरच, पण खरी अडचण आपल्या मे महिन्याची, ४५ डिग्री आणि वरून कोरडी झळ, पानं करपून जातील. आपल्या देशात ते केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तामिळनाडूत होतं, नारळाच्या आणि सुपारीच्या सावलीत. मी आणते तेही केरळातल्या इडुक्कीच्या बाजूचं.

म्हणजे सेरेमनीवाले आणतात तसं मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाचं नाही? असं विचारतात. सेरेमोनियल ही काही कुठल्या सरकारने ठरवलेली ग्रेड नाहीये, पाकिटावर कुणीही छापू शकतो. त्यामुळे शब्द बघू नका, मागची बाजू बघा. एकच घटक लिहिलेला पाहिजे, काकाओ. साखर नाही, लेसिथिन (सगळं मिळून यावं म्हणून घालतात ते) नाही, वेगळं तेल नाही. कुठल्या भागातलं, कुणाकडून घेतलं हे विकणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. आणि लॅब रिपोर्ट मागा, लाजू नका, कारण काही ठिकाणच्या, खास करून दक्षिण अमेरिकेतल्या काही भागांच्या मातीत कॅडमियम हा विषारी धातू जास्त असतो आणि तो बीमध्ये उतरतो, युरोपात २०१९ पासून चॉकलेटमधल्या कॅडमियमवर मर्यादा लागू आहे. रोज पिणाऱ्याने हे विचारायलाच पाहिजे. बाहेरच्या ब्लॉकला किलोमागे काही हजार मोजावे लागतात, त्यात २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतलं पीक बसलं आणि जगाच्या बाजारात भाव टनाला दहा हजार डॉलरच्याही वर गेला होता. आपल्या देशातल्या शेतकऱ्याचं चांगलं बी मिळत असताना सात समुद्रापलीकडून आणायचा अट्टहास मला तरी पटत नाही.

पण हे मूळचं कुणाचं हे विसरायचं नाही, ते माझ्यासाठी खूप महत्त्वाचं आहे. इक्वेडोरमध्ये सांता आना-ला फ्लोरिडा नावाच्या जागी मडक्यांमध्ये काकाओचे अंश सापडले ते जवळपास ५३०० वर्षांपूर्वीचे. ग्वाटेमालात रिओ आझुल इथल्या एका थडग्यात झाकण फिरवून बंद करायचं मडकं मिळालं, त्यावर तिथल्या मूळच्या माया लोकांच्या लिपीत काकाओ असं लिहिलेलं, आणि आतल्या थराची तपासणी केली तर खरंच काकाओच निघालं. माया लोकांच्या लग्नात काकाओ, देवाला काकाओ. मेक्सिकोतल्या जुन्या अॅझ्टेक लोकांकडे तर बिया पैशासारख्या चालायच्या. ते लोक पाण्यात घोटून, मिरची घालून, मक्याचं पीठ घालून प्यायचे आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून फेस आणायचे. आणि हे फक्त इतिहासात नाहीये, ग्वाटेमालात माया लोकांच्या अग्निपूजेत आजही कोपल नावाचा धूप, मेणबत्त्या आणि त्यांच्याबरोबर काकाओ अग्नीला देतात, त्यांच्या २६० दिवसांच्या पंचांगातले दिवस मोजत.

आता आपण इन्स्टावर जे बघतो, गोल करून बसणं, डोळे मिटून इन्टेन्शन म्हणजे मनात संकल्प ठेवणं, ड्रम, मग नाचणं, हे त्या जुन्या पूजेचं जसंच्या तसं रूप नाही. ते गेल्या काही दशकांतलं आहे, ग्वाटेमालातल्या अतितलान तळ्याच्या काठी जाऊन राहिलेल्या परदेशी लोकांमुळे जगभर पसरलेलं, त्यात कीथ विल्सन या अमेरिकन माणसाचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं. यात वाईट काहीच नाही, पण "पाच हजार वर्षांपूर्वीची माया सेरेमनी" म्हणून जळगावात तिकीट लावून विकायची असेल तर ते मला पटत नाही. आपण त्यांचं पेय घेतोय, त्यांचे मंत्र आणि त्यांचे देव घ्यायचा हक्क आपल्याला कुणी दिला. पेयासाठी त्या लोकांचे आभार मानावेत, आणि बसावं आपल्या पद्धतीने. माझं हे मत पक्कं आहे, कुणाला राग आला तरी चालेल.

यातलंच अजून एक, जे मला आतून टोचतं. आपल्याच सातपुड्यात, धडगाव-मोलगीकडे, पावरा आणि भिल लोक मोहाची प्यायच्या आधी पहिली धार जमिनीवर सोडतात, देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने. त्यांच्या याहामोगी मातेच्या जत्रेत देवीला मोहाची वाहतात. मोहाचं झाड, मोहाचं फूल, वेचणाऱ्या बाया, वाळवणं, सगळ्याला त्यांच्याकडे नियम आहेत, मान आहे. ते बघून आपल्यातले शिकलेले लोक काय म्हणतात, दारू पितात. आणि तेच लोक गोव्याला जाऊन हजारो रुपये भरून ग्वाटेमालाचा कप दोन्ही हातात धरून डोळे मिटतात. मी मोह आणि काकाओ एकच आहे असं म्हणत नाहीये, एकात दारू आहे, एकात नाही. पण जमिनीला आधी द्यायचं आणि मग आपण घ्यायचं, ही समज शिकायला विमानाची गरज नव्हती, नंदुरबारची एसटी पुरली असती. आमच्या सासऱ्यांच्या ताटाभोवती रोज चित्राहुती असायची, पाणी फिरवून चार शितं बाजूला. मी आता कप भरला की पहिले दोन थेंब कुंडीतल्या मातीत टाकते, तेवढंच, मंत्र वगैरे काही नाही.

आता वाटण्याबद्दल, कारण मला यातला सगळ्यात आवडता भाग तोच आहे.

मी सुरुवातीला तयार ब्लॉक आणायचे, मग एका उन्हाळ्यात आख्ख्या बिया मागवल्या. सासूबाई अमळनेरकडच्या, घरात अहिराणीच बोलतात, पिशवी उघडल्या उघडल्या म्हणाल्या, "ह्या काय चिचोका शेतस का?" दिसतातही तशाच, थोड्या लांबट, तपकिरी, हाताला कोरड्या, वास मात्र आंबूस, व्हिनेगरसारखा. लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायला घेतल्या, आधी तो आंबूस वास घरभर, नंतर हळूहळू तो जातो आणि एकदम चॉकलेटचा वास उठतो, त्याच वेळी बिया तडतडायला लागतात, एखाद-दुसरी कढईबाहेर उडते. तिथे गॅस बंद करायचा, जास्त भाजलं की कडू कोळसा. गार झाल्यावर चिमटीत दाबलं की टरफल सुटतं, आणि मग पाखडायचं. सासूबाईंनी सूप हातात घेतलं आणि पाच मिनिटांत टरफलं सगळी पुढे आणि दाणे सगळे मागे, मला इतक्या वर्षांत तो झटका जमलेला नाही.

मिक्सरवर करायला गेलं तर आधी भुगा होतो, मग भांडं तापतं आणि मोटर रडते. पाट्यावर मजा आहे, पण गार पाट्यावर नाही. काकाओचं तूप साधारण ३४ डिग्रीला वितळतं, तिकडे मेक्सिको-ग्वाटेमालातल्या बायका दगडी पाट्याखाली म्हणूनच निखारे ठेवतात. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "पाटा उनमा ठेव." एप्रिलचं ऊन, गच्ची, दुपारी बाराला ठेवलेला पाटा दोनला हात लावू देत नव्हता. त्या तापल्या दगडावर दाणे टाकले, वरवंटा फिरवला, आधी रवा, मग ओलसर चिकट गोळा, आणि नंतर बघता बघता तो गोळा सैल झाला, चकाकायला लागला आणि पाट्याच्या कडेने वाहायला लागला. एक थेंब पाणी नाही, तेल नाही. जवळपास दोन तास लागले, दंड भरून आले, पण त्या दुपारी माझ्या डोक्यात दुसरा एकही विचार नव्हता, आणि माझ्यासाठी तीच खरी साधना होती. नंतर सासूबाईंना कपात थोडं करून दिलं. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, दुसरा घोट घेतला, म्हणाल्या, "कडू शे व माय, पन गयामा चांगलं लागस." (गयामा म्हणजे गळ्यात.) आता त्या मधूनमधून स्वतःहून मागतात, गुळाचा खडा घालून.

करायचं कसं ते सांगते. वीस ग्रॅम ब्लॉक सुरीने बारीक चिरून घ्या, कपभर पाणी तापवा, पण उकळी नको, पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसले की बस. त्यात थोडं थोडं काकाओ टाकून रवीने घुसळा, ताक घुसळतो तसं, वर बारीक फेस आला पाहिजे आणि तुपाचे चकाकणारे ठिपके दिसले पाहिजेत. मी चिमूटभर लाल मिरची आणि सुंठ घालते, कधी वेलची. गोड लागतच असेल तर गूळ, थोडाच. दूध मी घालत नाही, पाण्यातच त्याची खरी चव कळते. बाहेर सेरेमनीत ४० ग्रॅमच्या आसपास देतात, रोजच्या साधनेला एवढं लागत नाही, आणि पहिल्यांदा पिणारीने १५-२० च्या वर जाऊच नये.

शरीरात काय होतं? यात मुख्य आहे थिओब्रोमिन, म्हणजे कॅफिनच्याच जातीतलं पण सौम्य द्रव्य, १०० ग्रॅममागे साधारण एक ग्रॅमच्या वर, आणि कॅफिन त्याच्या कितीतरी कमी. कॅफिन एकदम धडक मारतं, थिओब्रोमिन हळू चढतं आणि बराच वेळ राहतं, निम्मं उतरायलाच सात ते बारा तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सात नंतरच्या काकाओ पार्ट्या मला समजत नाहीत, रात्री झोप कुठून येणार. रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात, चेहरा आणि तळहात गरम वाटतात, छातीत ऊब वाटते. हार्ट ओपनिंग म्हणतात त्यातला बराच भाग हाच असावा असं मला वाटतं, आणि त्यात कमीपणा काही नाही, शरीर मोकळं झालं की मन मोकळं व्हायला सोपं जातं. पण त्यात प्रेमाचं केमिकल असतं वगैरे जे सांगतात ते मी कुणाला सांगत नाही. १९९६ मध्ये चॉकलेटमध्ये आनंदामाइड (आपल्या मेंदूतही तयार होणारं, आनंदाशी जोडलं जाणारं द्रव्य) सापडलं हे खरं, पण मात्रा इतकी बारीक की कपभर पिऊन त्याने काही होईल असं मानायला आधार नाही, आणि ज्याला प्रेमाचं केमिकल म्हणतात ते फेनिलइथिलअमाइन तर पोटातच बरंचसं मोडून जातं. हृदयाला चांगलं म्हणणारे २०२२ च्या एका अमेरिकन अभ्यासाचा हवाला देतात, एकवीस हजारांवर लोक होते त्यात, पण ते कोकोच्या अर्काच्या कॅप्सूल घेत होते, कप पीत नव्हते, आणि हार्ट अॅटॅक, स्ट्रोक धरून एकूण घटना काही ठोसपणे कमी झाल्या नाहीत, हृदयविकाराने होणारे मृत्यू तेवढे कमी दिसले. आशादायक आहे, औषध नाही.

मग मला त्याचा उपयोग काय झाला. वडील गेल्यानंतर माझं नाम तोंडाने चालायचं आणि डोकं दवाखान्याच्या बिलात, भावांच्या वाटणीत, न केलेल्या फोनमध्ये फिरत असायचं, माळ संपायची आणि मला कळायचंही नाही. चहा मी तीन घोटात संपवते. काकाओ संपवता येत नाही. ते दाट असतं, कडू असतं, घोट घेतला की थांबावंच लागतं, जीभ टाळूला लावून बसावं लागतं, मग दुसरा. कप गरम असतो म्हणून दोन्ही हात अडकलेले, फोन घेता येत नाही. पंधरा-वीस मिनिटं अशी गेली की श्वास आपोआप लांब झालेला असतो, आणि त्यानंतर माळ घेतली की मन तिथे असतं. वडिलांची आठवण येते, पण बिलांची नाही, ते भरीत करताना वांगी काड्यांवर भाजायला बसायचे ती येते. रडू आलं तर रडते. मला हे कुठल्याही गोळीने किंवा भाषणाने मिळालं नव्हतं.

आमच्यात एक मावशी आहेत, दरवर्षी मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरला पायी जातात. त्या एकदा येऊन बसल्या, कपभर प्यायल्या आणि म्हणाल्या, चांगलं आहे बाई, पण मला टाळ हातात आला की तसंही मन लागतं. अगदी बरोबर आहे त्यांचं. ज्याला टाळ पुरतो त्याला कपाची गरज नाही, ज्याचं मन माझ्यासारखं उधळतं त्याला आधार म्हणून हे आहे.

आता सावधगिरीचं, आणि हे खरंच वाचा. एका मोठ्या शहरातल्या सेरेमनीला मी गेले होते, तिथे आलेल्या सगळ्यांना सारखाच मोठा कप दिला, कुणाला कुठली गोळी चालू आहे हे एका शब्दाने विचारलं नाही. माझ्या शेजारच्या बाईंची छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले, आणि त्यांना सांगण्यात आलं की तुमच्या आतलं साठलेलं बाहेर पडतंय. त्यांना ब्लड प्रेशरचा त्रास होता. त्यांना मी बाहेर नेऊन बसवलं, पाणी दिलं, थोड्या वेळाने शांत झाल्या, पण मी त्या दिवसापासून ठरवलं की विचारल्याशिवाय कुणाच्या हातात कप द्यायचा नाही. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील, त्यातही एमएओआय (शरीरातलं एक एन्झाइम अडवणाऱ्या) गटातल्या, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. हृदयाचे ठोके अनियमित असतील, बीपी वाढलेलं असेल, दिवस गेलेले असतील, तरी आधी डॉक्टर. अर्धशिशी किंवा अॅसिडिटीवाल्यांनी दोन घोटांपासून सुरुवात करावी. लहान मुलांना मी देत नाही. आणि कुत्र्याला चाटूसुद्धा द्यायचं नाही, थिओब्रोमिन त्यांना विषच आहे.

एप्रिल-मेमध्ये मी बंद करते. आपल्याकडे पहाटे पाचलाही भिंती गरम असतात, तेव्हा गरम तुपकट पेय कुणी प्यावं, त्या दिवसांत ताक आणि कैरीचं पन्हंच खरं. ब्लॉकही डब्यात वितळून पसरतो, म्हणून फ्रीजमध्ये हवाबंद ठेवायचा आणि लसणापासून लांब, त्याचा वास लगेच धरतो. वाटायचं काम मात्र आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास उरकून घेते, ते ऊन पुन्हा मिळत नाही. प्यायला खरी सुरुवात दिवाळीनंतर.

या वर्षीही दिवाळीनंतर गुरुवारी पहाटे गच्चीवर बसणार आहोत, पाच-सहा जणी, ज्यांनी विचारलंय त्यांना ग्रुपवर कळवेनच. तिकीट नाही, बियांचे पैसे सगळ्यांमध्ये वाटून घेऊ. येताना आपापला कप आणि शाल आणा, आदल्या रात्री हलकं जेवा, सकाळचा चहा घेऊन येऊ नका, आणि कुठलीही गोळी चालू असेल तर मला आदल्या दिवशीच सांगा.